तळपायावरची ओळ

आमच्या घरात कुठलाही कागद आधी खालून वाचायचा असतो. बाबा जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांमागच्या एका छापखान्यात तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवत होते. सभेची, मोर्चाची, जयंतीची, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं त्यांच्या हातून गेली आणि प्रत्येकाची एक प्रत घरी आली. मी अक्षरं पाटीवर शिकले नाही. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला माझ्या नावाच्या आधी वाचता यायचे. पण मी वाचायला लागले की बाबा पत्रकाच्या तळाशी बोट ठेवायचे.

"मुद्रक कोण? प्रकाशक कोण? नाव न्हाई ना? मंग टाक ते. ज्याला आपलं नाव टाकायची हिंमत न्हाई, त्याचं आपण काहून वाचायचं?"

ही सवय अंगात इतकी मुरली की मी बिस्किटाचा पुडाही उलटा करून बघते.

घरात देव नव्हते, त्यामुळे भुतंही नव्हती. आजोबांनी दोन्ही एकाच दिवशी बाहेर काढली होती. म्हणून सातवीत असताना मी आठवडी बाजारातून पट्ट्या गुंडाळलेला प्लास्टिकचा मुडदा आणला, तेव्हा आईने कपाळाला हात लावला.

"जग चाललं चंद्रावर आन ही भुतं घरात आणून राह्यली!"

मी त्या मुडद्याला उलटा करून बाबांपुढे धरला. त्याच्या तळपायावर काहीच नव्हतं. बाबा म्हणाले, "बेवारस हाय." मला ते लागलं. पुढे कॉलेजात असताना शिकवण्यांच्या पैशातून मी पहिला खरा पुतळा मागवला. जुन्या परदेशी सिनेमातला, लांडग्याच्या तोंडाचा माणूस, वीतभर उंचीचा. त्याच्या तळपायावर बारीक अक्षरांत एक अख्खी ओळ होती: हा चेहरा कुठल्या सिनेमा कंपनीचा, कुणी कुणाच्या परवान्याने बनवला, कुठल्या वर्षी. बाबांनी भिंग लावून ती वाचली.

"ह्ये बराबर हाय," ते म्हणाले. "ज्या भुताच्या पायावर मालकाचं नाव हाय, ते कुणाच्या अंगात येत नसतं."

त्या दिवसापासून पत्रकांच्या गठ्ठ्यांवरच्या फळीवर माझी भुतं उभी राहिली. आज तिथं सव्वीस आहेत.

त्या ओळींच्या मागे लागून मी परवान्यांचा सगळा कारभार शिकले. मूळ गोष्ट फार जुनी असेल तर ती सगळ्यांची. रक्त पिणारा सरदार कुणीही घडवावा, कबरीतून उठलेला मुडदा कुणीही उठवावा. पण अमुक सिनेमातलं ते चौकोनी कपाळ, ती भुवई, मानेजवळचे ते टाके हवे असतील, तर ते ज्या कंपनीचे आहेत तिची परवानगी लागते. नटाचा हुबेहूब चेहरा हवा असेल तर बऱ्याच ठिकाणी त्याच्या वारसांनाही विचारावं लागतं. हे सगळं मला पटत होतं. एक गोष्ट मात्र पटत नव्हती. ज्या माणसाने रोज सकाळी तासन्‌तास बसून नटाच्या तोंडावर कापूस, डिंक आणि केस चिकटवून ते भूत जन्माला घातलं, त्याचं नाव त्या ओळीत नसायचं. कित्येकदा सिनेमाच्या सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांतही नसायचं. जगाला घाबरवणारी तोंडं ज्यांच्या हातांनी झाली, ते हात बेनाम. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर टेंभुर्णीचे काका यायचे.

काका म्हणजे बाबांचे जुने दोस्त. शेती करून मुखवटे बनवणारे. कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ आणि भाजलेल्या मातीचे साचे. पंचक्रोशीत सोंगं निघायची तेव्हा राक्षस, वाघ, म्हातारी असे सगळे मुखवटे काकांच्या घरून जायचे आणि काकांच्या घरी परत यायचे. त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज होता: मुखवटा विकायचा नाही, भाड्याने द्यायचा. साचा तर उंबरा ओलांडत नाही.

काका तरुण असताना एका मराठी सिनेमाचे लोक भुताचा मुखवटा मागत त्यांच्याकडे आले. काकांनी शेवाळलेल्या विहिरीतून वर येणारं एक तोंड घडवलं: बैलासारखा जबडा, तीन दात, एका डोळ्यावर गोगलगायीचा शंख. सिनेमा आला आणि गेला. पाट्यांत काकांचं नाव नव्हतं. त्यानंतर सगळं आयुष्य काका सांगत राहिले की ते भूत माझं, आणि गाव हसत राहिलं. एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात ते शिरले की हॉटेलवाला हाक द्यायचा, "या सिनेमावाले! हिरोला चहा दे रे!" काका चहा पिऊन उठायचे, पण गप्प बसायचे नाहीत. "हसा. पण भूत माझंच हाय," एवढं म्हणून जायचे.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने आपल्याकडच्या जुन्या भयपटांतल्या भुतांचे पुतळे काढले. मी पहिल्याच दिवशी मागवले. डबा उघडला आणि शंखाचा डोळा माझ्याकडे बघत होता. मी तो आधी उलटा केला. तळपायावर सिनेमाचं नाव, निर्मात्याच्या वारसांचं नाव, कंपनीचं नाव. बास.

दुसऱ्या दिवशी मी टेंभुर्णीची गाडी पकडली.

काकांनी पुतळा हातात घेतला. डोळ्यांवर थोडा पडदा आलाय त्यांच्या, म्हणून ते बोटांनी बघतात. कपाळ, शंख, जबडा. मग डाव्या कानाखाली त्यांचं बोट थांबलं. तिथं हनुवटीपर्यंत एक उभी वळी होती. डब्यावर तिच्याविषयी लिहिलं होतं, "विहिरीत पडताना झालेल्या जखमेचा वण." मी ते वाचून दाखवलं आणि काका इतके हसले की खोकला लागला.

"वण कशाचा बाई! साचा माझ्या हातून पडल्ता. तडा गेल्ता त्याला. तवापासून जो मुखवटा काढतो, त्याला तिथं वळी उठते."

काकू आतून म्हणाल्या, "आन मला म्हणले मांजरीनं पाडला!"

साचा माळ्यावर होता. मी फोनवर त्याचे फोटो काढले, तड्यासह. निघताना काका दारापर्यंत आले. "पैशाचं जाऊ दे," ते म्हणाले. "पण मी खोटं बोलत नव्हतो, एवढं एकदा कुठंतरी छापून आलं पाहिजे. माझ्या हयातीत."

आता मी काय केलं ते सांगते, कारण त्याची मला अजून लाज वाटते. मी पत्रक काढलं. पत्रकांवर वाढलेलं पोर दुसरं काय करणार! मथळा होता: 'चेहराचोरांनो, जबाब द्या!' सात उद्गारचिन्हं. त्यात भांडवल होतं, लूट होती, शतकानुशतकांचा अन्याय होता. खाली माझं नाव होतं, छापखान्याचं नाव होतं, सगळं बराबर. ते मी कंपनीला पाठवलं आणि उरलेल्या प्रती जालन्याच्या बसस्टँडवर वाटल्या. एका बाईने कागदाकडे बघून विचारलं, "कोणत्या पार्टीचं हाय?" कंपनीकडून एका ओळीचं उत्तर आलं, की आमच्याकडे रीतसर करार आहे. आणि एक प्रत टेंभुर्णीला पोचली. हॉटेलवाल्याने ती भर गर्दीत मोठ्यांदा वाचली आणि वर म्हणाला, "आता तर सिनेमावाल्यांनी पत्रकंबी छापून घेतली!" त्या दिवशी काका पहिल्यांदा चहा न पिता घरी गेले. हे मला काकूंनी फोनवर सांगितलं.

बाबांनी पत्रक वाचलं. खालून सुरू करून वरपर्यंत.

"नाव हाय. हिंमत हाय. पुरावा कुठंय?"

"साच्याचा फोटो आहे ना."

"साचा काकांचा हाय, ह्ये कळलं. पण त्यानं तो चेहरा सिनेमावाल्याला विकून टाकला नसंल कशावरून? त्यांच्याकडं करार हाय. तुझ्याकडं काय हाय? उद्गारचिन्हं!"

बाबांनी खाटेखालची पेटी ओढली. मला वाटायचं तिच्यात पत्रकं आहेत. तिच्यात प्रुफं होती. छापखान्याची रीत अशी, की छापण्याआधी कच्ची प्रत गिऱ्हाइकाला दाखवायची, त्याने वाचून खाली 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही करायची, मगच मशीन सुरू. नंतर भांडण नको म्हणून ती सहीची प्रत जपून ठेवायची. बाबांनी ती जरा जास्तच वर्षं जपली होती.

आम्ही बापलेक दोन दिवस ती पेटी उपसत होतो. आई येता-जाता म्हणत होती, "मी रद्दीत देणार व्हते. बरं झालं, न्हाई दिली." दुसऱ्या दिवशी दुपारी एका हँडबिलाचं पिवळं पडलेलं प्रूफ निघालं. जालन्यात काकांच्या भुताचा सिनेमा लागला तेव्हाचं. आमच्याकडे पत्रकावर मंडप कुणाचा, भोंगा कुणाचा तेही छापतात. तशीच तळाशी एक बारीक ओळ होती: विहिरीतल्या भुताचा मुखवटा, पुढे काकांचं पूर्ण नाव, टेंभुर्णी, आणि शेवटी 'यांजकडून भाड्याने'. त्या ओळीच्या खाली निळ्या शाईत: छापण्यास हरकत नाही. आणि निर्मात्याची सही.

"ही ओळ कुणी घातली?" मी विचारलं.

"मी. मुखवट्याचं भाडं द्यायच्या वेळी काका म्हणले, नाव टाकलं तर आर्धंच द्या. निर्माता म्हणला, टाक बाबा, तेवढाच खर्चा वाचला." बाबा हसले. "ती हँडबिलं जालन्यातच वाटून संपली, काकांपर्यंत एकबी पोचलं न्हाई. मीबी ईसरून गेल्तो."

ह्या वेळी मी पत्रक काढलं नाही. एका पानाचं साधं पत्र लिहिलं, एकही उद्गारचिन्ह न घालता. सोबत प्रुफाचा फोटो, साच्याचा फोटो आणि पुतळ्याच्या कानाखालच्या वळीचा फोटो. चौथ्या दिवशी कंपनीतून एका बाईंचा फोन आला. आवाज नम्र होता, पण सावध.

"मॅडम, आम्ही निर्मात्यांच्या वारसांकडून हक्क घेतलेत. चोरी केलेली नाही."

"मान्य आहे. पण त्यांनी तुम्हाला काय दिलं? सिनेमा त्यांचा, तो त्यांनी द्यावा. चेहरा भाड्याचा होता. भाड्याचं घर भाडेकरूच्या पोराने विकलं तर चालतं का?"

मग त्या हळूच म्हणाल्या, "ती कानाखालची रेघ... आमच्या शिल्पकाराने जखम म्हणून मुद्दाम खोल केली होती."

"साचा पडला होता," मी म्हटलं. त्या हसल्या. तिथं मला कळलं की आपण जिंकलो.

खरं सांगायचं तर मी त्यांना चोर म्हटलं होतं आणि ते चोर नव्हते. चुकीच्या दारात विचारून आले होते. मी पुढच्या पत्रात तसं लिहून माफी मागितली. तत्त्व सोडलं नाही, विशेषणं सोडली. पुढचे काही महिने कागद फिरत राहिले, एका वकिलांनी तपासले, आणि काकांशी नवा करार झाला. काकांची एकच अट होती आणि ती त्यांनी तीनदा वाचून घेतली: चेहरा ह्या पुतळ्यापुरता वापरायला दिला आहे, विकलेला नाही, साचा घरीच राहील. वडिलांचा रिवाज वकिलाच्या भाषेतही तसाच्या तसा उतरला. काकांनी सही केली आणि म्हणाले, "आधी प्रूफ दाखवा म्हणावं. मंग छापा."

कंपनीने खरंच दाखवलं. तळपायाचा मोठा केलेला फोटो आला. बाबांनी भिंग लावून अक्षर न् अक्षर तपासलं आणि मला सांगितलं, "लिही. छापण्यास हरकत नाही."

नव्या पुतळ्यांचा पहिला डबा घेऊन आम्ही बापलेक टेंभुर्णीला गेलो. मला वाटलं होतं, काका घरी उघडतील. त्यांनी काकूंनाही सोबत घेतलं आणि सरळ स्टँडसमोरच्या हॉटेलात आले. बाजाराचा दिवस होता, बाकडी भरलेली. हॉटेलवाल्याने सवयीने तोंड उघडलं, "या सिनेमा..." आणि डबा बघून थांबला.

काकांनी डबा फोडला. विहिरीतलं भूत बाहेर काढलं आणि गल्ल्याशेजारी, भज्यांच्या परातीला टेकवून पाठीवर आडवं निजवलं, पाय गिऱ्हाइकांकडे.

काकू पुढे वाकल्या. "अवो, पर नाव पायाखाली काहून टाकलं? बरं दिसतं का ते?"

"खाली कुठंय? त्यो उभाच माझ्या नावावर हाय," काका म्हणाले.

हॉटेलवाला घुटमळला. "काका, भुताला जरा उभं करा की. लोकं काय म्हणतील."

"करू. आधी वाच."

"मला बारीक दिसत न्हाई."

"पत्रक तर लई मोठ्यांदा वाचलं व्हतं!"

अख्खं हॉटेल हसलं, आणि ह्या वेळी ते काकांना हसत नव्हतं. हॉटेलवाल्याने हात पुसले, पुतळा उचलून उजेडाकडे धरला आणि शाळेतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचलं: मूळ शिल्प व चेहऱ्याचे हक्क, मग काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मग टेंभुर्णी, जिल्हा जालना. मागच्या बाकड्यावरून कुणीतरी ओरडलं, "पुन्हा वाच, ऐकू न्हाई आलं!" त्याने पुन्हा वाचलं.

काका बाकड्यावर बसले. "आता चहा दे," ते म्हणाले. "आन ह्या पोरीलाबी दे. पत्रकवाली हाय."