झालंय ते आपलं

आमच्या साडूंनी पाहिला नाही असा देश पृथ्वीच्या पाठीवर उरलेला नाही, आणि त्यातल्या एकाही देशात त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. भारत आणि आयर्लंड हे दोन अपवाद. पण पहिल्यात ते जन्माला आले आणि दुसऱ्यात नोकरी लागली, तेव्हा त्यात त्यांचा तसा काही दोष नाही. बाकीचं जग त्यांनी आयर्लंडमधल्या मलिंगार गावी आपल्या घरात, सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसून, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन पालथं घातलं आहे. एक मल्याळी प्रवासमालिका आहे, वर्षानुवर्षं चाललेली. एक माणूस एकटाच कॅमेरा घेऊन देशोदेशी हिंडतो आणि मागून संथ, भारदस्त आवाजात वर्णन चालू असतं. आता पुण्यात वाढलेल्या माणसाचा मल्याळीशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध असा, की साडू इकडे आयर्लंडला आले तेव्हा ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, व्हिसाची वाट बघत पुण्यातच अडकली होती आणि हे एका मल्याळी कुटुंबाकडे खोली घेऊन राहत होते. त्या घरात टीव्ही एक, आणि त्यावर संध्याकाळी हीच मालिका. आधी नुसती चित्रं पाहिली, मग शब्द कळायला लागले, आणि ताई येऊन पोचली तोवर नवरा हातचा गेला होता.

कुठल्याही गावाचं नाव काढा, साडू डोळे अर्धे मिटून म्हणणार, "झालंय ते आपलं." आम्ही दोघं एकदा लिस्बनला जाऊन आलो आणि मोठ्या हौसेने त्यांना फोटो दाखवायला बसलो. हात दाखवून अवलक्षण! तिसऱ्याच फोटोला साडूंनी मला थांबवलं. "या ट्रामच्या थांब्यामागे एक म्हातारा चेस्टनट भाजत बसतो. भेटलात त्याला?" म्हटलं, नाही बुवा. "मग लिस्बनला गेलात असं नका म्हणू. लिस्बनवरून गेलात." म्हणजे बघा, रांगेत आम्ही उभे राहिलो, पायाला फोड आम्हाला आले, आणि लिस्बन यांचं! उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण साडूंचा उंटसुद्धा टीव्हीतला.

त्यांचं मल्याळी हा तर वेगळाच नमुना. सगळी भाषा शिकले ती त्या निवेदकाच्या तोंडून, त्यामुळे मीठ कसं मागायचं ते येत नाही, पण पडक्या किल्ल्याचं वर्णन झोपेत करतील. एकदा त्यांच्याबरोबर केरळी किराणा दुकानात गेलो होतो. साडू काउंटरसमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि संथ लयीत काहीतरी बोलले. नंतर त्यांनीच मला अर्थ सांगितला: "आपल्यासमोर आता केळ्याच्या वेफर्सची लांबच लांब रांग दिसते आहे. इथल्या जनजीवनात तिला मानाचं स्थान आहे." दुकानदाराने आधी साडूंकडे पाहिलं आणि मग त्यांच्या पाठीमागे कुठे कॅमेरा आहे का ते पाहिलं. बरोबर आलेली त्यांची इथेच वाढलेली मुलगी लाजून चूर. "ओ डॅड, जस्ट आस्क द मॅन फॉर द क्रिस्प्स, लाईक!"

ताई बिचारी सोशिक. तिने एकदाच काय तो हट्ट धरला, की पश्चिमेच्या समुद्राचे ते उंच कडे बघायचेच. थालीपिठं बांधून आम्ही सगळे निघालो. पोचलो तर धुकं आणि झिमझिम पाऊस. साडूंनी गाडीची काच खाली केली, बाहेर एक नजर टाकली आणि काच वर केली. "एपिसोडमध्ये फार स्वच्छ दिसतं हे," म्हणाले, आणि कड्यापासून हाकेच्या अंतरावर, गाडीत बसून, फोनवर तोच कडा बघू लागले. आम्हालाही दाखवला. कप्पाळ! ताई दार उघडून उतरली आणि एकटीच भिजत कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा यांनी तिला विचारलं, "थालीपीठ उरलंय का गं?" माझ्या बायकोने मागच्या सीटवर माझा हात असा काही दाबला, जणू तो यांचा गळा असावा.

मग २०२० साल आलं. सरकारने सांगितलं, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. सगळा देश हवालदिल झाला आणि साडूंचा मला आमच्या चेरीवूडच्या घरी फोन. "काय, कसं वाटतंय? आलात ना शेवटी माझ्या लाईनीवर?" आवाजात नुसती दिवाळी. "पाच किलोमीटर म्हणजे चंगळ आहे हो, मला सोफ्यापासून टीव्हीपर्यंत पुरतं." मागून ताईचा आवाज आला, "अरे, हे सगळं उठलं ना, की मला कुठेतरी ने. पडद्यावर नको, पायांनी." साडू म्हणाले, "सांग, कुठे नेऊ? सगळं तर झालंय आपलं." आणि आपल्याच विनोदावर हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोला.

पुढच्या जानेवारीत ताईला करोना झाला. दोन दिवसांत श्वास लागायला लागला आणि ॲम्ब्युलन्स तिला घेऊन गेली. मलिंगारचं हॉस्पिटल यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण आत कुणालाच सोडत नव्हते. साडूंचा फोन आला तेव्हा मी आवाजच ओळखला नाही. "तिने एकच गोष्ट मागितली होती हो," ते म्हणाले, "आणि मी म्हटलं, झालंय आपलं."

दुपारी ते वॉर्डला फोन करणार होते. माझी बायको रडकुंडीला आलेली, म्हणून त्यांनी आम्हालाही त्याच कॉलवर घेतलं. ताईला ऑक्सिजनचा मास्क, तिला बोलता येत नव्हतं. फोन एका नर्सने उचलला. तिच्या पहिल्या वाक्यावरूनच ती मल्याळी असल्याचं साडूंनी ओळखलं. इतका वेळ आमच्याशीही अडखळत बोलणारा हा माणूस एकदम मल्याळीत सुरू झाला, आणि सुरू झाला तो अर्थात त्याच लयीत, कारण दुसरी त्याला येतच नव्हती. काय बोलले ते त्यांनी मागाहून सांगितलं: "आपल्यासमोर आता एक मोठं रुग्णालय आहे. त्याच्या एका खोलीत माझी बायको आहे. ती खोली मी पाहिलेली नाही."

पलीकडे ती नर्स हलकेच हसली. "मला चेट्टा म्हणाली, म्हणजे दादा," साडू आम्हाला मराठीत सांगू लागले, "तिचे वडील पण गावी हीच मालिका बघतात म्हणे." आणि मग तिनेही तोच संथ आवाज लावला. ती एक वाक्य बोले आणि साडू ते आमच्यासाठी मराठीत म्हणत. "आता आपण एका लांब बोळातून चाललो आहोत. बोळाच्या टोकाला एक उजेडाची खोली. खिडकीजवळ एक पलंग. पलंगावर एक बाई उशीला टेकून बसल्या आहेत. आज त्यांनी दोन चमचे सूप घेतलं. खिडकीबाहेर कुरण आहे. कुरणात मेंढ्या आणि मेंढ्यांमध्ये एक पांढरा घोडा, उगाचच उभा. बाई दिवसभर त्या घोड्याकडे बघतात." एरवी निवेदकालाही मधेच थांबवून दुरुस्त करणारा हा माणूस, त्या दिवशी फक्त "मग?" एवढंच विचारत होता. "मग? मग?"

ती नर्स ड्युटीवर असली की रोज त्यांना त्या खोलीत फिरवून आणायची. ताई हळूहळू सुधारली, घरी आली. आणि साडूही सुधारले असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही त्यांना ओळखलंच नाहीत. चिवड्याचा डबा पुन्हा मांडीवर आला. मी सुट्टीत ग्रीसला जावं म्हणतोय म्हटल्यावर, "झालंय ते आपलं," हेही आलं.

मे महिन्यात एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला परवानगी मिळाली, तसे आम्ही मलिंगारला गेलो. मी ताईला विचारलं, आता कुठे जायचं, बोल. ती म्हणाली, "त्या घोड्याकडे."

हॉस्पिटलच्या मागे कुरणाच्या कुंपणाला टेकून आम्ही चौघं उभे राहिलो. बघण्यासारखं तिथे काही म्हणजे काही नव्हतं. मेंढ्या होत्या, चिखल होता, आणि तो घोडा, अजूनही तसाच उगाच उभा. समोर खिडक्यांची रांग. ताईने त्यातली तिची खिडकी बोट करून दाखवली. मी वाट बघत होतो, की आता साडू घसा साफ करणार, आता जनजीवन येणार. साडू त्या खिडकीकडे बघत राहिले. फोन खिशातून निघाला नाही. ताईला अजून धाप लागायची, म्हणून तिने त्यांच्या खांद्यावर भार टाकला आणि विचारलं,

"काय रे, हे झालंय का आपलं?"

"नाही गं," साडू म्हणाले. "हे राहिलं होतं."