सोमवारी फी नसते

गेले तीन आठवडे केसरबाय सोमवारीही खिडकीत येऊन बसते, आणि त्यावरून धक्क्यावर जो तो अक्कल पाजळतो. फी शनिवार-रविवारची. सोमवारी बेटावर जाणाऱ्याला अडवायचं नसतं, पावती फाडायची नसते, वही उघडायची नसते. तरी ही बाई सकाळी सातच्या होडीनं बेटावरून इकडे येते, पत्र्याच्या त्या खोक्यात बसते, पाच मिनिटांत उठते, रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन कोण येतंय ते बघते आणि परत येते. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. कुणी म्हणतं, पंचायतीनं पगार वाढवला असेल. सदू होडीवाला म्हणतो, फी घेतल्याशिवाय तिला आता जेवण जात नाही. मेल्यांनो, तुम्हाला काय ठाऊक! मला ठाऊक आहे. माझी चहाची टपरी तिच्या खिडकीपासून दहा पावलांवर आहे, आणि तिच्या येरझाऱ्यांना निम्मं कारण मी आहे.

आम्ही दोघी खारबेटावरच्या. आगरदांड्याहून फेरीबोट दिघीला लागते, तिथून गाडीनं आमच्या धक्क्यावर यायचं, आणि धक्क्यावरून होडीनं वीस मिनिटांत बेट. घरं चाळीस, विहीर एक. चहूकडे खारं पाणी आणि मधे ही एवढीच गोड्या पाण्याची जागा. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी बेटाचा व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला आणि रविवारी दोन-दोन हजार माणसं उतरायला लागली. पाय धुवायला विहीर, भांडी घासायला विहीर, आणि बाटल्या गार व्हाव्यात म्हणून त्याही दोरीला बांधून विहिरीतच. एप्रिलातच तळ दिसायला लागला. खरं सांगायचं तर मी गप्प होते. माझा चहा खपत होता ना!

केसरबाय गप्प बसली नाही. ग्रामसभेत तिनं गढूळ पाण्याची घागर नेली, सरपंचांच्या टेबलावर आपटली आणि म्हणाली, "आधी प्या. मग बोलू." कुणी प्यालं नाही. त्याच सभेत ठरलं की शनिवार-रविवार माणशी शंभर रुपये घ्यायचे आणि दिवसाला तीनशेच माणसं सोडायची. तीनशे एकावा परत. बेटावरच्यांना आणि त्यांच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना फीही नाही आणि मोजणीही नाही. जमेल त्या पैशातून विहिरीचा गाळ काढायचा. मग प्रश्न आला, खिडकीत बसून शिव्या खाणार कोण? सगळ्यांनी तिच्याकडेच बघितलं.

तिला शिव्यांचं काय! नवरा भिकू गेल्यापासून वीस वर्षं बोर्लीच्या बाजारात मासळी विकून जगलेली बाई ती. एकदा कुठल्याशा साहेबाचा भाचा आला. त्यानं फोन लावला आणि तिच्या कानाजवळ धरला, साहेब बोलतायत म्हणून. ही म्हणाली, "त्यांना पण सांग, शंभर रुपये." भाच्यानं निमूट पैसे काढले.

पावती फाडताना वहीत नाव-गाव लिहावं लागतं. ती वही केसरबाय संध्याकाळी घरी नेते, आणि त्याला कारण सकिनाखाला. खाला तिची शेजारीण, दोघींचं अंगण एक. काचबिंदूनं खालाचे डोळे गेलेत. केसरबाय अठराव्या वर्षी लग्न होऊन बेटावर आली तेव्हा खालाचा नुरुद्दीन पाळण्यात होता. केसरबायला स्वतःला मूल झालं नाही. नुरूला तिनं पाटकुळी घेऊन सगळं बेट फिरवलं, त्याच्या तापात रात्री जागवल्या. हा नुरू वीस वर्षांपूर्वी बापाशी भांडून आखातात गेला. बापानं त्याला न विचारता होडी विकली, एवढंच निमित्त. बाप वारला तेव्हा तो आला नाही. मग आलो नाही या लाजेनं आला नाही. मग फोनही लागेनासा झाला. मी लग्न होऊन आले ती त्यानंतर, त्यामुळे मी त्याला कधी बघितलेलं नाही.

तर दर शनिवारी-रविवारी दिवेलागणीला खाला विचारायची, "आज कोण कोण आलं गं?" आणि केसरबाय अंगणात बसून तीनशे नावं वाचायची. अमका पनवेल, तमका पुणे, फलाणी ठाणे. मी कितीदा ऐकलंय. खाला मान हलवत ऐकायची, आणि शेवटचं नाव झालं की म्हणायची, "बरं." तिला कुठलं नाव ऐकायचं होतं हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आता माझी गोष्ट. पाहुण्यांना फी नाही हे शहरवाल्यांना कळायला किती वेळ लागतो? ते टपरीवर चहा घेता घेता गोड बोलून विचारायचे, मावशी, बेटावर कोण कोण राहतं हो? मी भाबडी. एकदा सदूचं नाव सांगून बसले, आणि अकरा जण सदूचे पाहुणे म्हणून फुकट गेले. सदू तेव्हा माझ्याच बाकड्यावर बसून चहा पीत होता! केसरबायला कळल्यावर तिनं धक्क्यावर सगळ्यांदेखत मला झाडलं. म्हणाली, "मैने, चहा विक. नावं विकू नको." माझ्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून मी ठरवलं, कुणी कुठलंही नाव विचारलं तरी माहीत नाही म्हणायचं.

मे महिन्यातला पहिला रविवार. साडेअकरालाच तीनशे पुरे झाले. रांगेत अजून शेदोनशे माणसं उन्हात उभी, आरडाओरडा चाललेला. त्यात एक माणूस खिडकीशी गेला. डोक्याला टक्कल, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात चाकांची बॅग. तो म्हणाला, "मी इथलाच आहे." केसरबायनं वहीतून मान वर केली नाही. म्हणाली, "रविवारी सगळेच इथले असतात. कुणाकडं जायचंय?" तो तिच्याकडे बघत राहिला. मागच्यांनी ढकलला तसा बाजूला झाला आणि माझ्या टपरीवर आला.

चहा मागितला. अर्धा प्यायला आणि हळू आवाजात मला विचारलं, "ताई, बेटावर सकिनाबी म्हणून होत्या. आहेत का अजून?"

माझ्यापुढे चाळीस गिऱ्हाइकं. दूध उतू चाललेलं. मला वाटलं, आला आणखी एक नाव शोधत. मी तोडून टाकलं, "असल्या नावाचं बेटावर कुणी न्हाय."

तो "अच्छा" म्हणाला. टपरीवरच्या कोडवर मोबाइल धरून पैसे दिले, आमचा डबा बोलला, दहा रुपये प्राप्त झाले. अर्धा चहा तसाच ठेवून तो बॅग ओढत वळणाकडे गेला. तेव्हाच मला खटकलं होतं. लबाड माणूस इतक्यात सोडत नाही, दुसरं नाव विचारतो, हुज्जत घालतो. हा वळूनही बघेना.

संध्याकाळी घरी माझी प्रणाली मोबाइलवर दिवसाचा हिशेब बघत होती. ती म्हणाली, "आई, नुरुद्दीन नावाच्या कुणीतरी पैसे दिलेत. पावणेबाराला." मी हातातलं पातेलं तसंच टाकून उठले.

मी धावत केसरबायच्या अंगणात गेले. नावं वाचून झाली होती. मी सांगितलं, पण अर्धंच सांगितलं. नुरू आला होता, खिडकीतून परत गेला, एवढंच. मी त्याला काय बोलले ते गिळलं. केसरबायची जीभ मला माहीत होती, आणि समोर खाला बसली होती हो! तिच्या तोंडावर कसं सांगू, की तुझ्या लेकाला मी सांगितलं, तू नाहीस म्हणून?

केसरबाय खालापाशी सरकली. खालाचा हात धरून म्हणाली, "खाला, मीच परत लावला गं त्याला. ह्या हातानं पाटकुळी घेतलेला, आणि वळखला न्हाय." ती रडत होती. खाला मात्र उजळली. इतक्या वर्षांत तिला मी तशी बघितली नव्हती. ती म्हणाली, "आला होता ना? मग येईल परत. उद्या सोमवार. सोमवारी फी नसते, कुणी अडवत नाही. उद्या येईल बघ."

म्हणून केसरबाय सोमवारी बसली. मग मंगळवारी, मग बुधवारी. कुणीही गाडीतून उतरला की ही पुढे, "कुठलं तुम्ही? कुणाकडं?" लोक हसायचे. रोज संध्याकाळी रिकाम्या हातानं परत जायची, आणि अंगणात खाला विचारायची, "आज कोण आलं गं?" आणि मी दहा पावलांवर चहा गाळत बसलेली. ही बाई ज्याची वाट बघतेय तो येणारच नाही, त्याची आई मेली असं त्याला मी सांगून बसलेय, हे फक्त मला माहीत. प्रणाली दोनदा म्हणाली, आई, त्याच नावावर पैसे परत पाठवता येतात, सोबत चार ओळी लिहिता येतात. मी तिला दटावलं, गप बस म्हणून. लिहायचं म्हणजे आधी केसरबायला सांगायला हवं, आणि ती हिंमत माझ्यात नव्हती. रात्री झोप नाही, दिवसा दुधात साखर दोनदा पडायची. तीन आठवडे काढले मी असे. माझी मलाच शिसारी आली होती.

परवा शुक्रवारी केसरबाय खिडकीतून उठून माझ्याकडे आली. तोंड सुकलेलं. बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "मैने, खालानं दोन दिस झाले इचारायचं सोडलं. कोण आलं म्हणून इचारत न्हाय. भाकरीपण ढकलते. मे संपला की परवासी होड्या बंद. मग कुठला येतोय तो?"

मग माझ्यानं राहवेना. मी गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. त्यानं काय विचारलं, मी काय तोडलं, प्रणाली काय म्हणाली, मी का लपवलं. म्हटलं, आता मार चार थोबाडीत.

तिनं हात उचलला नाही. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं गं आपण. मी एका दारात, तू दुसऱ्या." आणि लगेच ओरडली, "बसलीस काय? पोरीला बोलाव!"

प्रणाली आली. दहा रुपये परत पाठवायचे ठरले, त्याच्या अर्ध्या चहाचे. खाली काय लिहायचं ते केसरबायनं सांगितलं, आणि प्रणालीनं ते जसंच्या तसं लिहिलं: "अम्मा हाय. वाट बघते. तुला ती न्हाय असं सांगितलं ते खोटं. मी केसरवयनी. मी तुला वळखलं न्हाय."

शुक्रवार गेला. काही नाही. शनिवारी डबा दिवसभर बोलत होता, दहा रुपये, वीस रुपये, चाळीस रुपये, आणि दर वेळी केसरबाय खिडकीतून मान काढून माझ्याकडे बघायची. मी मान हलवायची. तिनं दोन पावत्यांवर तारीख चुकवली. ती बाई आयुष्यात तारीख चुकवणारी नाही.

आज रविवार. अकरा वाजले, दोनशे नव्वद झाले होते, रांग वळणाच्या पलीकडे गेलेली. माझ्यासमोर नेहमीची गर्दी. आणि डबा बोलला, "शंभर रुपये प्राप्त झाले."

मी गिऱ्हाइकांकडे बघितलं. शंभराचा चहा कुणी घेतला नव्हता. प्रणालीनं मोबाइल बघितला आणि माझ्यापुढे धरला. नुरुद्दीन. त्यानं लिहिलं काहीच नव्हतं. नुसते शंभर.

मी हाक मारायच्या आत केसरबाय खोक्याचं दार उघडून बाहेर आली होती. तीनशे पुरे व्हायच्या आधी खिडकी सोडून बाहेर आलेली तिला आज पहिल्यांदा बघितली. रांगेतले ओरडायला लागले, तिनं ढुंकून बघितलं नाही. मोबाइल हातात घेतला, नाव बोट लावून लावून वाचलं, पुढचा आकडा वाचला. मला अजून उमजत नव्हतं. तिला उमजलं.

"फी भरली गं त्यानं," ती म्हणाली. "येतोय." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र खिडकीतलाच, चिडका. मोबाइल तिनं प्रणालीच्या हातात कोंबला.

"परत पाठव ते शंभर," ती म्हणाली. "आणि लिव त्याला, घरच्या माणसाला फी नसते म्हणावं."