फ्लेक्स फाडणारा फौजी

"जाऊ नको असं मी कोनालेच म्हनत नाही. वापस कसा येशील, थे सांग."

गिरणीचा पट्टा थांबवून, भुवयांवरचं पीठ पुसत फौजी हे विचारायचा. समोरचा "बघू" म्हणाला की पट्टा पुन्हा सुरू. म्हणजे घरी जा, विचार करून ये.

फौजी वाशीमचाच, आमच्या गल्लीतला. फौजेत असताना शांतिसेनेबरोबर परदेशातल्या लढाईत राहून आला, निवृत्त झाल्यावर गिरणी टाकली. तुम्ही म्हणाल, वाशीमात युद्धाच्या देशात जाणाऱ्यांना सल्ला देणाऱ्याचं काय काम? अहो, भरपूर! कुणी बांधकामावर मिस्त्री म्हणून निघतो, कुणी डॉक्टरकी शिकायला. एजंट सांगतो, तिकडे सगळं शांत आहे. फौजी म्हणायचा, "मंग थो एजंट काहून नाही जात?"

माझी पुतणी शीतल नर्स आहे. युद्ध पेटलेल्या एका देशातल्या दवाखान्यात जायचं तिने ठरवलं. देशाचं नाव लिहीत नाही. ही सवय फौजीनेच लावली. तिच्या आईने, म्हणजे माझ्या वहिनीने, जेवण सोडलं. शेवटी मीच म्हटलं, फौजीकडे नेऊ, तो चांगला धाक घालेल.

कसला धाक! हा बाबा दळण बाजूला ठेवून तिला शिकवायलाच बसला. तिथे पोचल्यावर आधी दवाखान्यातून बाहेर पडायच्या वाटा पायी चालून बघ. झोपायचं खिडकीपासून लांब, बूट उशाशी. पासपोर्ट अंगावर. रोज संध्याकाळी घरी एकच शब्द पाठव, "बरी."

"आन निघाचं कवा, थे आताच ठरव. तिथं गेल्यावर मानूस आज नाही उद्या करत राह्यते."

शीतल म्हणाली, "दवाखान्याचं पानी बंद झालं की निघीन."

"पक्कं. मंग कोनासाठी थांबाचं नाही. आपला जीव पयले."

घरी आल्यावर वहिनीने मला झापलं. "भाऊजी, तुमी तिले अडवाले नेलं का पाठवाले?"

आता आमच्या गोतावळ्याची अक्कल ऐका. शीतलच्या मामाला पुढारीपणाची भारी हौस. तिचं नक्की झालं तसा त्याने चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. हार्दिक अभिनंदन! शीतलचा फोटो, देशाचं नाव, दवाखान्याचं नाव, निघायची तारीख. मामाचा चेहरा तिच्यापेक्षा मोठा. तासाभरात ते सगळ्यांच्या स्टेटसवर.

फौजी शिडी आणि विळा घेऊन आला आणि भरचौकात फ्लेक्स टराटरा फाडला.

"माह्या फोटोवर विळा चालवतं?" मामा धावत आला.

"तुह्या फोटोले कोन विचारते बे? पोट्टी कुठं जाऊन राह्यली, कवा जाऊन राह्यली, सारं जगाले घरपोच दिलं तू. तिले कोनी उचलून नेलं तं सोडवाले तू जाशील काय?"

मामा पोलिसांत जायची भाषा करू लागला. "चाल, मीच येतो संग," फौजी म्हणाला. मामा काही गेला नाही. मग फौजीने घरोघर फिरून एकेकाला स्टेटस काढायला लावलं. लोकांनी तोंडं वाकडी केली, पण काढलं.

शीतल गेली. "बरी" रोज यायचं. मग एका संध्याकाळी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फौजी तेव्हा सरकारी दवाखान्यात होता. पिठाने त्याची छाती खाल्ली होती. घरी वहिनीकडे बघवेना, म्हणून मी त्याच्यापाशी जाऊन बसलो. "पानी बंद झालं असन. निघाली असन," असं तो म्हणत राहिला. डोळे मात्र माझ्या फोनवर.

आणि फोन आला. तिचाच! ती सीमेपलीकडे पोचली होती. दवाखान्याचं पाणी बंद झालं, तरी गाडी येईपर्यंत थांबा, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं. ही थांबली नाही, पायी निघाली.

फौजीने फोन ओढून घेतला. "एकटीच ना?"

"नाही, फौजीकाका. पायाले प्लास्टर असलेली एक लहान पोरगी व्हती. तिचं कोनीच नव्हतं. पाठीवर आनली."

"काय सांगितलं व्हतं तुले?" तो खोकत ओरडला.

"ध्यानात व्हतं. नाही आयकलं."

फौजीने फोन माझ्याकडे फेकला आणि शेजारच्या पेशंटला, त्याच्या बायकोला, झाडू मारणाऱ्या बाईला सांगत सुटला, "आयकतच नाही पोट्टी! बिलकुल आयकत नाही!" गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज चढलेला. मीही रडलो. त्यात लाज कसली?

त्याच आठवड्यात फौजी गेला. मी शीतलला फोन केला. ती तोवर सीमेजवळच्या छावणीत जखमींची मलमपट्टी करायला लागली होती. तो कधी गेला, कसा गेला, सगळं तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी आता घरी येत नाही. इथं मानसं येऊनच राह्यले."

वहिनीने माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, झालं, आता रडारड.

"नको येऊ," वहिनी म्हणाली. "काम कर तुह्यं. जेवली काय?"