रीमने झूल घेतली

शुक्रवारी दुपारी जेवणं आटोपून सुलैबियाला गेले. पिकअप सदा चालवत होता, माझ्या मांडीवर नवीन शिवलेली झूल...

मी इथे आखातात, रिग्गईतल्या एका लेडीज टेलरिंगच्या दुकानात शिवते. सुलैबियातल्या एका तबेल्याच्या घोड्यांच्या झुलीही आमच्याकडेच येतात. त्या ने-आण करणारा आणि तिथल्या घोड्यांचं सगळं बघणारा सदा गुहागरचा, मी दापोलीकडची. त्यामुळे मी त्याची चाची.

त्या तबेल्यात रीम नावाची एक पांढरी घोडी आहे. आधीच्या ठिकाणी तिच्या तोंडावर पोतं टाकून तिला मारायचे, असं सदा सांगतो. त्यामुळे अंगाजवळ कापड आलं की ती कुंपणाला जाऊन चिकटते आणि थरथरत राहते. गेल्या थंडीत झूल न घेता उघडी राहिली, आजारी पडली, कशीबशी वाचली.

यंदा मालक अबू नासेर यांनी त्यांच्या हिंदीत सांगून टाकलं होतं, "ठंडी आएगा, ये कपडा नहीं लेगा, खलास. बेचेगा." माणूस वाईट नाही. पण असली घोडी विकत घेणारा तिला कसा वागवेल, ते सदाला आणि मला दिसत होतं.

तुझा काय संबंध, असं तुम्ही विचाराल... मी मापं घ्यायला गेले होते तेव्हा तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवून घेतली. हे गेले त्यानंतर आरशासमोरून जाताना मीही अशीच मान फिरवायचे.

मग वाचायला लागले. शाळा सातवीपर्यंतच झाली, पुढचं सगळं वाचन शिलाई मशीनवर बसून, जेवणाच्या सुट्टीत, फोनवर, इंग्रजी शब्द एकेक लावत. घोड्याच्या थेट समोरून जायचं नाही, रोखून बघायचं नाही, कान कुठे वळलेत त्यावर लक्ष ठेवायचं. जबडा हलवून नुसतंच चघळायला लागली की समजायचं, जरा सैल झाली.

दर शुक्रवारी तिच्या कुंपणात बादली उलटी घालून, तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि झूल शिवायचे. बोलायचे नाही, बोलवायचेही नाही. सदा म्हणायचा, "चाची, घोडीला वाटत असेल तुम्ही तिच्याशी कट्टी घेतलीय."

हळूहळू ती मागून येऊन माझ्या ओढणीचा वास घ्यायला लागली. मला जोर चढला. एका शुक्रवारी उठले आणि झूल पसरण्याआधी सवयीने फाडकन झटकली. आमच्या गावात कापड झटकल्याशिवाय कुणी पसरत नाही, घडीत विंचू निघायचे... आईची शिस्त हातात बसलेली.

रीम उधळली आणि कुंपणाच्या लोखंडी पाइपवर जाऊन आपटली. पुढचे कितीतरी शुक्रवार ती माझ्या बादलीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. पुन्हा पहिल्यापासून...

तर या शुक्रवारी हवा गार झाली होती. अबू नासेर आपल्या गाडीला टेकून उभे होते, आणि त्यांच्याबरोबर एक गिऱ्हाईक होतं. सदाने माझ्याकडे बघितलं.

मी बादलीवर बसले, झूल घडी करूनच मांडीवर घेतली. शिवायला काही उरलं नव्हतं, तरी सुई चालवत राहिले. बऱ्याच वेळाने मानेवर गरम श्वास आला. मग तिने माझ्या खांद्यावरून तोंड पुढे काढलं आणि त्या झुलीत नाक खुपसलं. जबडा हलायला लागला...

हळूच उठले. घडी केलेली झूल तशीच तिच्या पाठीवर ठेवली, उशी ठेवावी तशी. तिचे कान माझ्याकडे वळले, पाय जागचे हलले नाहीत. एक घडी उलगडली आणि थांबले. मग दुसरी...

तिला बांधलेलं नव्हतं आणि कुंपण भरपूर मोठं होतं. जायचं असतं तर ती गेली असती. झूल शेपटीपर्यंत पोचली तेव्हा तिने एक लांब श्वास सोडला, आणि मी छातीचा पट्टा लावला.

कुंपणाबाहेरून सदा हळू आवाजात म्हणाला, "चाची, आता कॉलर आणि दोन खिसेपण लावून टाका."

अबू नासेर त्या गिऱ्हाइकाशी अरबीत काहीतरी बोलले. गिऱ्हाईक आपल्या गाडीत बसून निघून गेलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नहीं बेचेगा." एवढंच. परतताना मी पिकअपमध्ये मोठ्याने हसत होते... हे गेल्यापासून इतकी हसले नव्हते.

कान, जबडा हे सगळं वाचून कळलं. पाठ करून बसणं मात्र कुठल्या वाचनातलं नाही. हे गेले तेव्हा मी इद्दतीत होते, म्हणजे नवऱ्यामागे बाई घरात राहते ते दिवस. येणारी प्रत्येक बाई मला पोटाशी धरायची, रडवायची. फक्त वरच्या मजल्यावरची शकीलाआपा रोज यायची, कोपऱ्यात तांदूळ निवडत बसायची आणि काही न विचारता उठून जायची. एक दिवस मीच जाऊन तिच्या ताटाशेजारी बसले.

आता ती गावी असते. काल फोन करून तिला रीमचं सगळं सांगितलं आणि थँक्यू म्हटलं. म्हणाली, "कसलं थँक्यू गं... माझा एसी बिघडला होता. तुझ्या घरात गार वाटायचं म्हणून येत होते."

तेव्हा जानेवारी होता. आम्ही दोघींनी स्वेटर घालून ते तांदूळ निवडलेत.