नावागणिक एक मूठ

"मले आकडे नाई येत. नावं येतेत."

एवढं बोलून बाई डब्यातून खड्या मिठाची मूठ उचलायच्या, चुलीवरच्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, धरायच्या, एक नाव घ्यायच्या आणि मूठ उघडायच्या. मग दुसरी मूठ, दुसरं नाव. टमाटरच्या सॉसमध्ये मीठ असं पडताना तुम्ही कुठं पाहिलं नसेल. लग्न होऊन सावली गावात आले तोवर मीही पाहिलं नव्हतं.

बाई आमच्या शेजारच्या. तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात त्यांनी स्वयंपाक केला. शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही, पण रोज चाळीस-पन्नास पोरींचा भात कधी कमी पडला नाही की उरला नाही. एकेका पोरीचं नाव घ्यायचं आणि सुपातून तिच्या वाट्याचा तांदूळ काढायचा, हा त्यांचा हिशोब. नवीन पोरगी पेटी घेऊन दारात आली, रडत असली, तरी बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "नाव सांग आधी. नाई तं भुकी राहशीन." बिचारी घाबरून नाव सांगायची आणि त्या रात्रीपासून तिची जागा पक्की.

बाई रिटायर झाल्या आणि आमच्या गल्लीच्या नशिबानं त्यांच्या हाताला काम उरलं नाही.

पौष सरत आला की वैनगंगेकाठच्या शेतांतून टमाटर येऊ लागतात. बाई त्यांना 'भेदरं' म्हणायच्या, जुनी माणसं म्हणतात तसं. माघात तर बाजारात नुसते लाल ढीग. वांग्यात टमाटर, डाळीत टमाटर, चुलीत भाजून चटणी, आणि पोरं तर येता-जाता नुसतं मीठ लावून खायची. बाजार उठायच्या वेळी शेतकरीच हाका मारायचे, "घेऊन जा ना बाई, वापस कोण नेते आता!" अशा वेळी मी अजून थोडा भाव पाडायला बघितला की बाई माझा पदर ओढायच्या. "एवढ्या सस्त्यात बी भाव करतेस? लाज वाटू दे थोडी, मास्तरीन."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. हे आधीच सांगून टाकते.

तर मग एका रविवारी बाईंच्या अंगणात गल्लीचा सॉस व्हायचा. माप एकच, बाईंची बांबूची टोपली. प्रत्येक घरानं तेवढे टमाटर आणायचे आणि टोपलीमागं मिठाची एक मूठ. आम्ही बाया चिरायला बसायचो. बाईंचे मालक, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, ते लाकडं फोडायचे आणि उकळलेल्या बाटल्या उन्हात उलट्या मांडायचे. लसूण, लवंग, दालचिनीची पुरचुंडी गंजात सोडलेली असायची. सगळं शिजून, चाळणीतून गाळून पुन्हा चुलीवर चढलं की वास पार बसस्टँडपर्यंत जायचा. आणि मग बाई मिठाला हात घालायच्या. "हे पोस्टवाल्या शीलाचं... हे मास्तरीनचं... हे कोपऱ्यावरच्या टेलरचं..."

"बाई, मी मिठाचं माप लिहून देते ना!" मी एकदा म्हटलं.

"लिहून देशीन तू. मंग दरवर्षी वाचाले बी येशीन का?"

भाऊ खो खो हसले होते.

भाऊ गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्याच साली पोस्टवाल्यांची बदली झाली आणि शीलाही गल्ली सोडून गेली. ब्रह्मपुरीला दिलेली बाईंची मुलगी दर महिन्याला येऊन मागं लागायची, आई, चल माझ्याकडे, एकटी काय करतेस इथं? बाईंचं एकच उत्तर असायचं. "माह्या गल्लीचा सॉस कोण करन मंग?" मुलगी माझ्याकडे बघायची, मी छताकडे. खरं सांगते, बाईंना त्या घरात धरून ठेवणारं दुसरं काही उरलंच नव्हतं.

त्या माघात सॉस खारट झाला. थोडाथोडका नाही, जिभेवर ठेववेना! गल्लीत कुणी चकार शब्द काढला नाही. टेलरची बायको तर "मस्त झाला बाई" असं सांगूनही आली. मी माझ्या दोन बाटल्या घरामागच्या खड्ड्यात ओतल्या. ओतून मान वर केली तर कुंपणापलीकडे बाई उभ्या होत्या. लाल खड्ड्याकडे पाहिलं त्यांनी, मग माझ्याकडे.

"मुंग्या लागल्या का?" त्यांनीच विचारलं.

"हो," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी मी ठरवूनच गेले. मिठाच्या वेळी त्यांच्या शेजारी उभी राहिले, टोपल्या मोजलेल्या होत्या, सात. बाईंनी सात नावं घेतली, सात मुठी टाकल्या. मला हायसं वाटलं. तेवढ्यात आठवी मूठ उचलली गेली. "हे पोस्टवाल्या शीलाचं." मी काही बोलायच्या आत मीठ गंजात पडलंसुद्धा. मग नववी मूठ, आणि बाईंनी एक नाव घेतलं जे मी कधी ऐकलंच नव्हतं. हळूच घेतलं, लाजल्यासारखं. क्षणभर वेळ लागला समजायला. ते भाऊंचं नाव होतं. सगळ्या आयुष्यात त्यांनी नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती.

मागच्या वर्षी मीठ कशानं वाढलं ते मला तेव्हा कळलं. कळलं तर गप्प बसावं ना! पण मी पडले मास्तरीण. मी त्यांचं मनगट धरलं.

"बाई, भाऊ नाहीत आता. टोपल्या सातच आहेत."

बाईंनी मुठीकडे पाहिलं. मग मीठ परत डब्यात टाकलं, तळव्याला चिकटलेले खडेसुद्धा झटकून टाकले.

"हो ना. सातच," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं डाव फिरवता फिरवता बोलल्या, "मंग मागच्या साली मुंग्या नोत्या लागल्या तं."

एक मूठ जास्तीची पडूनही त्या वर्षी सॉस फार सुंदर झाला. सगळ्यांनी बोटं चाटली. महिन्याभरात बाई मुलीबरोबर ब्रह्मपुरीला निघून गेल्या. जाताना टोपली मला देऊन गेल्या. माझ्यावर रागावल्या असत्या, दोन शब्द बोलल्या असत्या, तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या आधी त्या गेल्याचा फोन आला. आम्ही गल्लीतल्या सगळ्या बाया जीपनं गेलो. बुद्धवंदना झाली, मग एकेकजण त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायला उठलं. मी उठले आणि अडखळले. बाईंचं नावच मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले आणि बाई, बाई करत राहिले. जगाला आधी नाव विचारणाऱ्या बाईला आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर त्यांच्या मुलीला विचारलं. तिनं सांगितलं आणि रडायला लागली. मीही.

या माघात टमाटर पुन्हा मातीमोल झाले. अंगण आता माझं, टोपली बाईंची. सहा टोपल्या झाल्या. मी मास्तरणीसारखं मीठ वाटीनं मोजून घातलं, चव बघितली, अगदी बरोबर होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण हात डब्यात गेला. एक मूठ शीलाची पडली. एक भाऊंची, बाईंनी घेतलं होतं तसंच नाव घेऊन. आणि तिसरी मूठ गंजावर धरून मी बाईंचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीनं पोळीला सॉस लावला, घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, खारट झालाय गं!"

"झालाय," मी म्हटलं. "चुपचाप खा."