दोघांत एक कुलूप

हौसेराव हल्ली हसत नाही, रडत नाही, भांडत तर मुळीच नाही. आणि हा माणूस म्हणजे तुर्भ्याच्या त्या लाकडाच्या वखारीतला एक नंबरचा भांडखोर! साताऱ्याकडून आला, वीस वर्षं आरा मशीन चालवतोय, फळांच्या पेट्यांसाठी फळ्या कापतोय. आता ताट समोर ठेवलं तर जेवतो. बायको राजलक्ष्मी म्हणते, "आवो, वरडा तरी माझ्यावर!" हा म्हणतो, "बरं."

झालं ते असं. आऱ्याचं पातं बदलायचं, खालच्या खड्ड्यातला भुसा काढायचा, तर आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप ठोकायचं. जो जो मशीनला हात लावणार त्याचं त्याचं कुलूप, किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. पण हौसेराव आणि गोटीराम पडले एका गावचे, एका डब्यात जेवणारे. "तू लावलंस म्हंजे मी लावलं," गोटीराम म्हणायचा. दुसरं कुलूप लावणं म्हणजे भावावर अविश्वास! डोंबलाचा अविश्वास. एके दिवशी पातं बसवून दोघं चहाला गेले. गोटीराम न सांगताच आधी परतला आणि राहिलेला भुसा काढायला पुन्हा खड्ड्यात उतरला. हौसेरावाला वाटलं, हा टपरीवरच रेंगाळलाय. त्याने कुलूप काढलं, बटण दाबलं. गोटीराम गेला.

त्याला चार महिने झाले. आज पुन्हा पातं बदलायचं होतं, जोडीला करावे गावचा नवा कमळाकर. हौसेरावाने आपलं कुलूप लावलं.

कमळाकर म्हणाला, "दादा, माझं घरी रायलं. तुमचं हाय ना? आपुन काय परके हाव?"

हौसेराव खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. "न्हाय उतरायचं."

"शेठ बोंबलंल!"

"बोंबलू दे."

कमळाकर शिव्या घालत बाजारात गेला, नवं कुलूप आणून लावलं, मगच उतरला. तासाभरात काम झालं. वर येऊन त्याने आपलं कुलूप काढलं. राहिलं हौसेरावाचं. किल्ली हातात, पण हात काही उचलेना. ना भीती, ना धडधड. आत नुसता ओंडका.

"अरे, चालू कर की!" शेठ ओरडला.

कमळाकरच्या काय मनात आलं कोण जाणे, तो समोर येऊन उभा राहिला. "दादा, मी भायेर हाय. बघा."

हौसेरावाने बघितलं. तरी गुडघे टेकले आणि खड्ड्यात वाकून हाक मारली, "गोटीराम, हायस का रं खाली?"

त्या दिवशी एवढंच विचारायचं राहिलं होतं.