पडक्या कानाची

मी सूड घेतला आणि तो घेताना मला फार बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी मुलगी म्हणते, "आई, तू ही गोष्ट सांगताना स्वतःला गरीब करून घेतेस." तर तसं नाही. मी दीड वर्ष वाट पाहिली होती आणि त्या दीड वर्षात एकदाही माझा राग उतरला नव्हता.

मखमलाबादच्या बाजूला आमचा शेवंतीचा मळा आहे. मळा नवऱ्याचा, मी शाळेत शिकवायची. आमच्या बांधाला लागून एका गृहस्थाने बंगला बांधला. मागे सिमेंटच्या खोल्यांची रांग, प्रत्येक खोलीला जाळीचं दार. आत जर्मन शेफर्ड. शोमध्ये उतरवायची, बक्षिसं आणायची, पिल्लं विकायची, असा त्याचा व्यवहार. दिवाणखान्यात काचेचं कपाट भरून कप होते. कुत्र्यांना मात्र त्या दिवाणखान्यात यायची परवानगी नव्हती.

एका वेताची दोन पिल्लं त्याने शोसाठी ठेवून घेतली होती. दोन्ही माद्या. एकीचे कान ताठ उभे राहिले. दुसरीचा डावा कान पाच महिन्यांची झाली तरी पडलेलाच. त्याने तो चिकटपट्टीने बांधून पाहिला, औषधं दिली. शेवटी एका सकाळी तो भिंतीपलीकडून मला म्हणाला, "वहिनी, मळ्यात राखणीला कुत्री हवी का? नाहीतर आडगावच्या पुढे हायवेला सोडून देतो. ढाब्यांवर जगतात ही."

मी म्हटलं, "कान सोडून काही आजार आहे का तिला?"

"कानच तर सगळं आहे," तो म्हणाला. "आणि एक, माझ्याकडची आहे असं कुणाला सांगू नका. तिचा कागद मी केलेला नाही."

कागद म्हणजे वंशावळीची नोंद. मी तिला भिंतीवरून उचलून घेतलं. अंगाला फिनेलचा वास येत होता. आमच्या अंगणातल्या मातीवर ठेवली तर पाय उचलेना. तिने माती पाहिलीच नव्हती.

पुढच्या चार वर्षांत तिने राखण अशी केलीच नाही. फुलं न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याचं ती शेपूट हलवून स्वागत करायची. कुकरच्या शिट्टीवर मात्र न चुकता भुंकायची, तिसरी शिट्टी झाली की स्वतःच दमून गप्प बसायची. मी पेपर तपासायला बसले की हनुवटी माझ्या पावलावर ठेवून झोपायची, आणि पाय बधिर झाला तरी मी हलवत नसे. पेरूच्या झाडाखाली पडलेले पेरू ती शोधून खायची आणि बिया दातात अडकल्या की माझ्याकडे येऊन तोंड उघडून उभी राहायची. माझी आई गेली त्या महिन्यात मी रोज दुपारी विहिरीपाशी जाऊन बसत असे. ती येऊन शेजारी बसायची. चाटायची नाही, काही नाही. माझं तोंड ज्या दिशेला, तिचंही त्याच दिशेला.

शेजारी कधीमधी भिंतीवरून बघायचा आणि म्हणायचा, "वाया गेली. हाडापेराने काय सुरेख आहे, पण वाया गेली."

मग मालेगावहून मुलीचा फोन आला. तिला सहावा महिना होता. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं होतं. माहेरी येणं शक्य नव्हतं, म्हणून मीच गेले. बाळंतपण आणि त्यानंतरचं धरून पाच महिने तिथे राहिले. इकडे नवरा एकटा. पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचं, दुपारी मजुरांमागे मळ्यात, स्वयंपाक स्वतःच. कुत्रीचे हाल होऊ लागले. तेव्हा शेजारी आपणहून आला. म्हणाला, "वहिनी येईपर्यंत राहू दे माझ्याकडे. तिचं माहेरच आहे."

नवऱ्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. तेही लपवत नाही. मीच म्हटलं, "चांगला निघाला की माणूस."

मी परत आले त्या दिवशी पिशव्या ओट्यावर ठेवून थेट त्याच्याकडे गेले. तो घरी नव्हता. त्याच्याकडे कुत्र्यांचं सगळं करणारी एक बाई होती, पेठ तालुक्याकडची. ती मला बघून खाली मान घालून चालू लागली. शेवटच्या खोलीत माझी कुत्री होती. बरगड्या मोजता आल्या असत्या. सड लोंबत होते. मागचे पाय घाण झाले होते आणि वास येत होता. मी जाळी उघडली तर ती उठली नाही, फक्त शेपटीचं टोक दोनदा फरशीवर आपटलं.

नवऱ्याने आणि मी मिळून तिला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तपासत असताना विचारत होत्या, "पिल्लं किती झाली?" "कसली पिल्लं?" मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "गर्भपिशवीत पू झालाय. बरेच दिवस झालेत, कुणी लक्ष दिलेलं नाही. आजच ऑपरेशन करावं लागेल. जगेल असं मी सांगत नाही."

ती जगली. पण त्या आठवड्यात मी नवऱ्याशी बोलले नाही. मी मालेगावला असताना तो शेजाऱ्याकडे चौकशीला गेला की शेजारी सांगायचा, तिला कातडीचा रोग झालाय, लांबच राहा, फुलांना हात लावता तुम्ही. यावर नवऱ्याने विश्वास ठेवला होता. "तुम्ही जाळीपर्यंत तरी जायचं," मी एकदाच म्हणाले. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी राग दुसरीकडे वळवला. तो जिथे वळवायचा ते ठिकाण माहीत होतंच.

शेजाऱ्याला मी भिंतीपाशी गाठलं. तो शांत होता. "चुकून लागली हो, वहिनी. जनावरंच ती. पिल्लं झाली आणि मेली सगळी. तुम्हाला मुलीचं टेन्शन, त्यात हे कशाला सांगायचं?"

"आणि ती सडत होती ते?"

"तुमची कुत्री शोची थोडीच आहे," तो म्हणाला. "घरातली आहे. होईल बरी."

हे वाक्य मी तेव्हा मनात लिहून ठेवलं. त्याच्या लेखी, घरात नुसत्या मायेने ठेवलेल्या जनावराचं दुखणं हे दुखणंच नव्हतं.

खरं काय ते पेठकडच्या बाईने सांगितलं, पण लगेच नाही. तिचं पोट त्याच्यावर होतं. मी मुद्दाम बांधावर फुलं तोडताना तिच्याशी बोलू लागले. तिच्या मुलीच्या पुस्तकांची विचारपूस करू लागले. दोन महिन्यांनी तिचं आणि त्याचं कशावरून तरी वाजलं आणि मी दुसऱ्याच दिवशी तिला आमच्या मळ्यात कामाला घेतलं. कनवाळूपणा नव्हता तो. तिच्याजवळ काय आहे ते मला हवं होतं.

गजरे करत बसलो असताना ती म्हणाली, "बाई, पिल्लं नाय मेली. सहा झाली व्हती, सहाच्या सहा जगली. मीच बघितलं त्यांचं."

"मग तो मेली का म्हणाला?"

"त्या कपवालीच्या नावावर लावली ना त्यानं. ती वांझ हाय बाई. लय डॉक्टर झाले. तुमची तिची सख्खी बहीण, रगत एकच. म्हून तुमचीकडून काढून घेतली."

कपवाली म्हणजे ताठ कानांची ती दुसरी. तिने बरीच बक्षिसं आणली होती आणि तिच्या पिल्लांसाठी लोक आधीपासून नंबर लावून बसले होते. मी विचारलं, "हे मला माहीत झालं, पण दाखवू कसं?" तिने कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला. तिला पिल्लांचा लळा होता, म्हणून तिने फोटो काढले होते. सिमेंटची खोली, जाळी, आणि पडक्या कानाची माझी कुत्री आडवी पडलेली, पोटाशी सहा पिल्लं.

तो फोटो मी किती वेळा पाहिला ते सांगता येणार नाही.

मी लगेच तक्रार करू शकले असते. केली नाही. त्या सहातलं एक नर पिल्लू त्याने स्वतःसाठी ठेवलं होतं आणि तो त्याला शोसाठी तयार करत होता. रोज सकाळी भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा, "उभा राहा. उभा राहा." मी चहा घेत ऐकायची. मला ते कुत्रं मोठं व्हायला हवं होतं. त्याला कप मिळायला हवा होता.

दीड वर्षाने शहरात शो झाला. मी माझ्या कुत्रीला साध्या पट्ट्याने बांधून घेऊन गेले. ऑपरेशननंतर ती जाड झाली होती, चालताना झोकांड्या खायची. मैदानात सगळीकडे केस फुलवलेली, पावडर लावलेली कुत्री. लोक आमच्याकडे बघून वाट देत होते, जशी भाजीवालीला लग्नाच्या मांडवात देतात. मी दोरीबाहेर उभी राहिले. त्याचं कुत्रं जिंकलं. परीक्षक बाहेरगावचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी कप त्याच्या हातात दिला, फोटो झाला, आणि मग मी दोरी उचलून आत गेले.

"या कुत्र्याची आई कागदावर आहे ती नाही," मी म्हणाले. "ही आहे."

शेजारी हसला. "आमच्या शेजारच्या बाई आहेत. जरा डोक्याने... ही कुत्री मी कधी पाहिलेलीसुद्धा नाही."

तो बोलला मात्र, माझी कुत्री माझ्या पायांमागे सरकली आणि तिथल्या तिथे तिला लघवी झाली. साडीच्या काठाला ओल लागली. मैदानातल्या कुणाला कुत्री कळत नाहीत असं नव्हतं. ती कुणाला घाबरली ते सगळ्यांनी पाहिलं. परीक्षकांनी मी पुढे केलेला पिल्लांचा फोटो पाहिला, मग डॉक्टरीणबाईंचा कागद वाचला. मग ते खाली बसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "हिच्या रक्ताचा नमुना तपासणीला द्याल?"

"आत्ता घ्या," मी म्हटलं.

तपासणीला काही महिने गेले. निकाल यायचा तोच आला. सहाही पिल्लांच्या नोंदी रद्द झाल्या, कप परत घेतला गेला, त्याला शोमध्ये उतरायची बंदी झाली. पिल्लं घेतलेले लोक बंगल्यासमोर गाड्या लावून भांडू लागले. मी ओट्यावर फुलं ओवत बसायची. आत जायची गरज असली तरी जात नसे. एक माणूस ओरडला, "तुम्ही आम्हाला घरातल्या कुत्रीचं पिल्लू विकलंत," तेव्हा माझ्या हातातली सुई थांबली. अपमान त्याचाच होत होता, पण शिवी मात्र माझ्या कुत्रीच्या नावाने होती. तरीही मला आनंदच झाला. त्याने मान खाली घातलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

मग एका सकाळी आमच्या फाटकाला ते जिंकलेलं कुत्रं बांधलेलं सापडलं. शेजारी आपल्या फाटकात उभा होता. "तुमचाच वंश," तो म्हणाला. "सांभाळा."

भिंतीपलीकडच्या खोल्या रिकाम्या होत्या. सगळी जाळीची दारं उघडी. मी विचारलं, "बाकीची कुठे आहेत?"

"दिली."

"कुणाला?"

तो वळून आत गेला.

तिच्या मुलाला आम्ही आत घेतलं. तुम्हाला वाटेल आईने ओळखलं असेल. तिने दात दाखवले आणि आठ दिवस त्याला ओट्यावर चढू दिलं नाही. त्याच्या हनुवटीला हात लावला की तो मागचा पाय ताणून पुतळ्यासारखा उभा राहायचा, आणि कुणी "झालं" म्हणेपर्यंत हलायचा नाही. चेंडू टाकला तर चेंडूकडे न बघता आमच्याकडे बघायचा. आता आमच्याकडे येऊन दीड वर्ष झाल्यावर तो धावतो, चपला पळवतो, फुलांच्या ढिगात लोळून नवऱ्याच्या शिव्या खातो. नवरा त्याच्याशी मळ्यात तासन्‌तास बोलतो. माझ्याशी बोलत नाही इतकं.

पण ती दुसरी, ताठ कानांची. माझ्या कुत्रीची सख्खी बहीण. दीड वर्ष मी सगळं ठरवत होते तेव्हा ती माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती. तिने काय केलं होतं? ती वांझ होती, आणि मी ते मैदानात सगळ्यांसमोर उघडं केलं. त्यानंतर त्याच्या लेखी तिचा काही उपयोग उरला नाही. पेठकडची बाई म्हणाली, सायखेड्याला नदीकाठच्या एका मळ्यात तशी कुत्री दिसली असं कुणी बोललं. आम्ही गेलो. शेफर्डच होता, पण म्हातारा आणि नर.

नवरा म्हणतो, "एकदा जाऊन विचार त्याला. त्याला माहीत असेल."

असणारच. रोज संध्याकाळी तो कॅनॉलच्या रस्त्याने एकटा फिरायला जातो, आमच्या फाटकावरून. विचारलं तर सांगेलही कदाचित. मी फाटकाशी उभी असते, दोन्ही कुत्री पायाशी असतात, तो जवळ येतो आणि मी तोंड फिरवते. त्याच्याकडे काही मागणं मला जमत नाही. ती कुठेतरी आहे किंवा नाही, आणि हे माझ्या एका प्रश्नाने कळण्यासारखं आहे. तो प्रश्न मी अजून विचारलेला नाही.